पाहायचे अकरा रुपये ऐंशी पैसे

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली ओळख नम्रपणे द्यावी अशी पद्धत आहे. मला ती जमत नाही. मी एक जुनं निळं कार्ड आहे, नखाएवढ्या जाडीचं, आणि एके काळी माझ्या पोटात पाच हजार रुपये होते. गप्पांमध्ये मी पन्नास हजार सांगतो. तुमच्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून पाचच.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. त्या कारखान्याचं छप्पर एवढं उंच होतं की त्यात ढग अडकायचे आणि जेवणाच्या सुट्टीत कामगार काठीनं ढोसून ते बाहेर काढायचे. बरं, ढगांचं राहू द्या. पण एका दिवसात आम्ही चाळीस हजार भाऊ जन्मलो, एवढं खरं माना. सगळे एका साच्यातले, कपाळावर सोनेरी चौकोन आणि पाठीवर काळा पट्टा. आम्हाला वाटायचं, आपण आता मोठमोठ्या दुकानांत जाणार, विमानाची तिकिटं काढणार. माझ्या नशिबात निघालं वैनगंगेकाठचं कारधा. आज म्हणतो, फार बरं झालं.

त्या वर्षी वैनगंगा गावात शिरली होती. मी तेव्हा कुठे होतो? पण तो पूर मी इतक्यांदा ऐकला आहे की आता डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतो. पार्वताबाईच्या घराचं दार चौकटीसकट उखडलं आणि पाण्यावर निघालं. त्यावर शेजारच्या शकुंतलाबाईचा कोंबडा बसलेला. दार वाहत वाहत थेट पवनीला लागलं. घाटावर उतरून कोंबड्यानं बांग दिली आणि पवनीकर त्या दिवशी दोनदा उठले. ही गोष्ट शकुंतलाबाई स्वतः सांगते. कोंबडा तिचा, त्यामुळे वाद घालता येत नाही.

पार्वताबाई म्हणजे माझी मालकीण. साठीला टेकलेली, काटक, आवाज असा की एका बांधावरून हाक मारली तर तीन बांधांवरच्या बाया कमरेतून सरळ व्हायच्या. भाताच्या रोवणीला बायांची टोळी नेण्याचं काम तिचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा जीवन तुमसरच्या राइस मिलमध्ये, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरात राहायच्या दोघीच, पार्वताबाई आणि तिची सून रत्नमाला. दाराच्या जागी बांबूची ताटी टेकवलेली. कुत्रं आलं तर ढकलून आत, वारा आला तर न ढकलताच आत. पाण्यासोबत एकदा साप येऊन गेला होता, तेव्हापासून रत्नमाला पाय जमिनीवर ठेवायच्या आधी काठी आपटायची. पार्वताबाईच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. थंडी पुरती पडायच्या आत घराला दार लागलं पाहिजे.

पूर ओसरल्यावर महिनाभरानं शाळेच्या व्हरांड्यात मदतीचे लिफाफे वाटले गेले. एका लिफाफ्यात मी होतो. माझ्याबरोबर गुप्त आकड्याची चिठ्ठी होती आणि एक लांबलचक घडीचा कागद. त्या कागदावरची अक्षरं एवढी बारीक होती की एखादी मुंगी शाईत पाय बुडवून वरून चालत गेली असावी.

"मामी, हा कागद वाचून पाहू द्या ना," रत्नमाला म्हणाली. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात.

"पैसे कार्डात आहेत का कागदात?"

"कार्डात."

"मंग कागद कायले वाचतं? आण इकडं, मिठाच्या डब्याखाली ओल येऊन राहिली."

अशा रीतीनं माझ्या पोटातली सगळी गुपितं मिठाच्या डब्याखाली गेली. मित्रांनो, तेव्हा मी हसलो होतो. नंतर रडलो.

लगोलग पैसे काढून आणावेत असं तुम्हाला वाटेल. शकुंतलाबाईलाही तसंच वाटलं होतं. पार्वताबाईनं तिला विचारलं, "बिनदाराच्या घरात पाच हजार ठेवाचे कुठं वो? तुह्या कोंबड्याच्या पंखाखाली?" म्हणणं बिनतोड होतं. दार येईपर्यंत पैसे माझ्या पोटात राहावेत आणि दार यायची वेळ आली की निघावेत, असं ठरलं. आंधळगावच्या टिकाराम सुताराला तिनं माप देऊन टाकलं. सागाचं दार, चौकट, बिजागऱ्या, कडीकोयंडा, सगळं धरून पाच हजार. तिनं शब्द दिला, त्यानं यादीत नाव लिहिलं. यादी लांब होती, कारण नदीनं अर्ध्या गावाची दारं नेली होती.

गुप्त आकडा तिला रत्नमालानं वाचून दाखवला. पार्वताबाईला लिहिता येत नव्हतं, पण डोकं तल्लख. तिनं आकड्यांना आपल्या वावरातल्या गोष्टींची नावं दिली. पहिला आकडा म्हणजे बांध्या, भाताचे बांधलेले तुकडे, दुसरा म्हणजे बैल, तिसरा म्हणजे... नको. तिसरा आणि चौथा मी सांगणार नाही. तुम्ही चांगली मुलं आहात, पण सवय ती सवय.

आता माझ्या सुखाचे दिवस ऐका. पार्वताबाईच्या घरात धानाची एक ढोली होती, बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या खांद्याएवढी उंच. दर सोमवारी पार्वताबाई तिचं झाकण काढायची, कोपरापर्यंत हात आत घालायची, धान गरम तर झालं नाही ना, कीड तर लागली नाही ना ते बघायची आणि मूठभर धान नाकाशी नेऊन परत आत सोडायची. तिची आई असंच करायची. घरात ढोलीत हात एकाच बाईचा जातो, दुसरीचा नाही, हाही तिच्या आईचाच नियम. सून घरात येऊन चार वर्षं झाली तरी तो हात अजून पार्वताबाईचाच होता.

माझ्या बाबतीत तिनं तेच केलं. दर सोमवारी मला पदरानं पुसायची, चंचीत सुपारीशेजारी ठेवायची आणि पूल ओलांडून भंडाऱ्याला बँकेच्या पैसे काढायच्या मशीनवर न्यायची. तिथं इश्वर नावाचा पहारेकरी होता. तो मशीनची हवा खात बसायचा, उन्हाळ्यात थंड आहे म्हणून आणि हिवाळ्यात वारा लागत नाही म्हणून. आकडा ती स्वतः दाबायची, त्याला पाठ फिरवायला लावून. मग तो वळून पडदा बघायचा.

"आहे का रे बापू?"

"आहे ना, मावशी."

"पुरे. बटन दाब, चिठ्ठी काढ."

चिठ्ठी निघाली की ती घडी करून चंचीत टाकायची आणि समाधानानं घरी यायची. किती आहेत हे तिनं कधीच विचारलं नाही. ढोलीत हात घातल्यावर दाणे कोण मोजतं? आहेत, कोरडे आहेत, झालं.

तिचं पाहून टोळीतल्या बायाही यायला लागल्या. सात बाया, सात कार्डं, रोवणीला उभ्या राहायच्या तशाच एका ओळीत. पहिलीनं पाहिलं की एक पाऊल पुढं. इश्वर म्हणायचा, "मशीनमंधी चिखल करान तुम्ही."

खरं सांगतो, माझ्यासारखं लाडाचं कार्ड अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं. माझे शहरातले भाऊ पाकिटात घामानं चिकटून बसलेले. आणि मी? दर आठवड्याला नदी, पूल, वारा, सुपारीचा वास. फक्त एक होतं. प्रत्येक वेळी मशीनच्या घशात गेलो की पोटात बारीकसा चिमटा बसायचा. पहिल्यांदा मला गुदगुल्या वाटल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी कळलं की कोणीतरी आतल्या आत कुरतडतंय. पाहायचे अकरा रुपये ऐंशी पैसे. महिना सरला की मला सांभाळल्याचे वेगळे. मी ओरडलो, आतून बाहेरून ओरडलो. कार्डाचा आवाज तुम्हाला कधी ऐकू आलाय? नाही ना. तिलाही नाही आला.

पौष लागला. सकाळी ताटीवर दव गोठायला लागलं. दोघी सासवासुना एका गोधडीत झोपायच्या आणि वारा दुसऱ्या बाजूनं गोधडी ओढायचा. एका रविवारी टिकारामचा निरोप आला, "दार तयार आहे. मंगळवारी बैलबंडीवर घालून आणतो. पैसे हातात ठेवजो, मंग खिळा ठोकीन. तुमसरचा एक गिऱ्हाईक हेच माप मांगून राहिला."

सोमवारी पार्वताबाई रत्नमालाला बरोबर घेऊन निघाली. पहिल्यांदाच. पैसे मोजून घ्यायला शिकलेले डोळे हवे होते. शकुंतलाबाईही आपलं कार्ड घेऊन मागून आली. आधी सवयीप्रमाणे पाहून झालं, चिठ्ठी चंचीत गेली. मग रत्नमालानं पाच हजाराचा आकडा दाबला. मशीननं नाही म्हटलं. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा नाही.

"पाच नाई निघत मावशी," इश्वर पडद्यात डोकावून म्हणाला. "चार हजार सहाशे टाकून पाहा."

"काहून नाई निघत? दर सोमवारी आहे म्हणत होता ना तू?"

"मंग आहेच ना! किती आहे ते तुम्ही विचारलं कधी?"

पार्वताबाईनं हळूच मान वळवली आणि सुनेकडे पाहिलं.

"आकडा दोघीलेच ठाऊक आहे," ती म्हणाली. बास, एवढंच.

शकुंतलाबाईला तेवढं पुरलं. "शिकलेल्या सुनेचा हात लांब असते वो पार्वता. म्या तं तवाच म्हटलं होतं."

"तुम्ही तवा काईच म्हटलं नव्हतं, मावशी," रत्नमाला म्हणाली. "तुम्ही कोंबड्याचं सांगत होत्या." मग सासूकडे वळली. "मामी, मले पैसे लागले असते तं म्या तुमच्यापुढं हात पसरला असता. मांगं हात नसता घातला."

पार्वताबाईनं मला चंचीत टाकलं. पैसे न काढताच त्या परतल्या. येताना पुलावर दोघी एकमेकींच्या बाजूनं चालल्या होत्या, आता मध्ये एक सायकल जाईल एवढी जागा राहिली. आणि चंचीत सुपारीजवळ मी. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. रत्नमालानं मला बोटसुद्धा लावलं नव्हतं. चोरी माझ्या पोटात झाली होती आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हतो. त्या पुलावर मला वाटलं, कोणीतरी मला घट्ट धरून नदीत भिरकावलं असतं तरी बरं झालं असतं. मी पवनीला गेलो असतो. तिथं ओळखीचं एक दार होतं.

घरी आल्यावर रत्नमालानं पाणी दिलं. पार्वताबाईनं घेतलं नाही. दुपार होती. बिनदाराच्या घरात ऊन मात्र पोटभर येतं, ते थेट चुलीपर्यंत आलं होतं.

"उद्या टिकारामले काय सांगू?" पार्वताबाई स्वतःशीच म्हणाली.

रत्नमाला समोर बसली. "मामी, त्या चिठ्ठ्या कुठं आहेत?"

"चंचीत."

"साऱ्या?"

"म्या फेकते काय? ढोलीतलं धान फेकते का कोणी?"

रत्नमालानं हात पुढे केला. "मामी, एक डाव मले ढोलीत हात घालू द्या."

पार्वताबाईनं त्या हाताकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललं होतं हे मी सांगू शकलो असतो, मी तिच्या कमरेला होतो, पण उगाच शहाणपणा नको. तिनं चंची सोडली आणि सुनेच्या हातात दिली. मला वाटतं त्या घरात पूर आला त्यापेक्षा मोठी गोष्ट ती होती.

रत्नमालानं बारा चिठ्ठ्या तारखेप्रमाणे उन्हात मांडल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर लाखोळीच्या डाळीची चिमूट ठेवली. मग वाचायला लागली.

"पहिली. चार हजार आठशे सत्तर रुपये वीस पैसे."

"पाच हजार होते!"

"थांबा. कार्ड देतानाचेच शंभरावर कापले दिसते. दुसरी. चार हजार आठशे अठ्ठावन्न, चाळीस पैसे. किती कमी झाले? अकरा ऐंशी. तिसरीत पुन्हा अकरा ऐंशी. इथं महिना संपला, इथं जास्त. मंग पुन्हा अकरा ऐंशी." तिनं बोट थांबवलं. "मामी, ह्या तारखा पाहा. हा सोमवार. हाबी सोमवार. सारे सोमवारच आहेत."

पार्वताबाईला लिहिता येत नव्हतं, सोमवार मात्र ओळखता येत होते. ती पुढे सरकली. एकेका चिठ्ठीला बोट लावत गेली, जणू बांधीतली रोपं मोजते आहे.

"हे तं माह्ये सोमवार आहेत," ती म्हणाली.

"हाव."

"म्हणजे म्याच..."

"तुम्ही नाई मामी. पाहणंच पैसे खाऊन राहिलं. मशीनमंधी पाहाचे पैसे लागते, ते आपल्याले कोणी सांगतलंच नाई."

पार्वताबाई उठली आणि मिठाचा डबा उचलला. खालच्या कागदाचा ओलीनं लगदा झाला होता. तो हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. "सांगतलं होतं," ती म्हणाली. "म्या मिठाले खाऊ घातलं." मग ती हसली. अशी हसली की बाहेर शकुंतलाबाईचा कोंबडा दचकून कौलावर चढला. हसता हसता तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि रत्नमालानं दुसऱ्यांदा आणलेलं पाणी तिनं घटाघटा प्यायलं.

मंगळवारी सकाळी पार्वताबाई गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं ती तीन बांधांवर जाणारी हाक मारली. सातही बाया आल्या.

"बायांनो, काल म्या माह्या सुनेकडं वाईट नजरेनं पाहिलं. शकुंतलेनं पाहिलं. नजर माही खोटी निघाली. चोर मशीनमंधी आहे. आपआपल्या चिठ्ठ्या आणा, रत्नमाला वाचून देते."

चिठ्ठ्या वाचल्यावर सातही जणींचं तेच निघालं. शकुंतलाबाईचं तर सगळ्यांत जास्त, कारण ती सोमवारबरोबर गुरुवारीही चोरून पाहायला जात होती. बाया तिच्याकडे वळल्या तशी ती म्हणाली, "मले झोप येत नव्हती वो!" आणि मग रत्नमालाजवळ जाऊन हळूच, "पोरी, माह्ये जास्तच गेले का? एक डाव अजून मोजून देजो."

बँकेच्या खिडकीवर मंजुषा मॅडम होत्या. भंडाऱ्याच्याच, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. सात बाया, सात कार्डं आणि चिठ्ठ्यांचा ढीग पाहून त्यांनी चष्मा खाली घेतला.

"शुल्क आहे ते. लिफाफ्यातल्या कागदावर लिहिलं होतं."

"बाई, आपल्याच घरच्या ढोलीत धान किती उरलं ते पाहाले तुम्ही पैसे देता का?" पार्वताबाईनं विचारलं.

"तसं नाही हो मावशी, नियम..."

"नियम तुमचा असू दे. हे पैसे मले नदीच्या नावानं आले. नदीनं दार नेलं, तिनं पाहाचे पैसे नाई घेतले."

मागची रांग हसली. मंजुषा मॅडम हसल्या नाहीत. त्या उठल्या, आतल्या कपाटातून मदतीच्या वाटपाची फाइल काढली आणि उभ्यानंच वाचू लागल्या. मी खिडकीच्या फळीवर पडलेलो, तिथून मला त्यांची हनुवटी दिसत होती. एका पानावर त्या थांबल्या. मग साहेबांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आतून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं, त्यातलं निम्मं मॅडमचं.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "पत्रात लिहिलंय, मदतीची रक्कम कोणतीही कपात न करता पोचली पाहिजे. कापलेलं सगळं परत जमा होईल. आठ-दहा दिवस लागतील. तोवर मशीनवर शिल्लक पाहू नका. तिथली कपात बंद व्हायला वेळ लागेल. हा नंबर घ्या, मिस कॉल द्या, फुकट कळतं."

पार्वताबाईनं त्यांचे दोन्ही हात धरले. मॅडम संकोचल्या, पण हात सोडवून घेतले नाहीत. मित्रांनो, त्या बाईंचं माझ्यावर ऋण आहे. माझ्या पोटातली गोष्ट रत्नमालानं वाचली, पण दुसऱ्या कोणीतरी ती मानायला हवी होती.

पण दार तर आजच येणार होतं. दुपारी टिकाराम बंडी घेऊन हजर. सागाचा ताजा वास गल्लीभर पसरला. बँकेतून निघताना मशीननं दिलेले चार हजार सहाशे पार्वताबाईनं त्याच्यासमोर ठेवले.

"चारशे कमी आहे, बापा. दहा दिवसांत येते."

टिकारामनं डोक्याला हात लावला. "वहिनी, अर्ध्या कारध्याले दारं देऊन बसलो. साऱ्यांचे दहाच दिवस आहेत. माह्ये दहा दिवस कोणी मोजत नाई."

"मंग असं कर," पार्वताबाई म्हणाली. "दार लाव. कडीकोयंडा तुह्यापाशी ठेव. चारशे आले की लावजो."

"बिनकडीचं दार?"

"कालपर्यंत तं दारबी नव्हतं."

टिकारामला हसू आलं. हसला की तो माणूस हरायचा, हे गावाला ठाऊक होतं. दार लागलं. त्या रात्रीपासून दोघी दाराच्या मागं दगडी पाटा टेकवून झोपू लागल्या. वारा बाहेर राहिला.

आता माझी मालकीण माझी मालकीण होती. सहाव्या दिवशी सोमवार आला आणि तिचे हात शिवशिवायला लागले. मिस कॉलवर तिचा भरवसा बसेना. हात न घालता कळतं कसं? संध्याकाळी ती घरी आली ती सरळ रत्नमालासमोर जाऊन बसली.

"पोरी, तू विचारायच्या आधी सांगते. म्या पाहून आली. अकरा ऐंशी गेले. हे माह्या हौसेचे."

रत्नमालानं कपाळाला हात लावला. परतीचे पैसे मॅडमनी सांगितल्याच्या आधीच जमा झाले होते, नेमके चारशे पूर्ण भरले होते, आणि आता ते तीनशे अठ्ठ्याऐंशी रुपये वीस पैसे उरले होते. मशीन फक्त शंभराच्या नोटा देतं. तीनशे निघाले. उरलेल्या शंभराची टिकारामनं लाखोळी घेतली आणि वर म्हणाला, "डाळ चांगली आहे, पुढच्या दाराले बी असंच करू."

कडी लावायच्या दिवशी दार जमिनीला घासायला लागलं. पुरानं भिंत एका बाजूनं बसवली होती. टिकारामनं बिजागरी ढिली केली आणि म्हणाला, "मांगं काईतरी पातळ भराव लागते. पुठ्ठा असला तं द्या."

"पुठ्ठा ओलानं सडते," पार्वताबाई म्हणाली आणि चंचीतून मला काढलं. "हे घे."

"मामी, त्यात अजून अठ्ठ्याऐंशी रुपये आहेत," रत्नमाला म्हणाली.

"राहू दे. लोकं उंबरठ्याखाली सव्वा रुपया ठेवते. आपण अठ्ठ्याऐंशी ठेवू. कोणी म्हणन, बाई श्रीमंत होती."

"यानंच तुह्ये पैसे खाल्ले ना वहिनी?" टिकारामनं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"यानं नाई रे. हे तं बिचारं मुकं. दर सोमवारी माह्यासंगं चालत आलं." तिनं मला शेवटचं पदरानं पुसलं.

मग टिकारामनं मला चौकटीला लावलं, वर बिजागरी ठेवली आणि माझ्या अंगातून दोन स्क्रू पिळले. दुखलं? मी सांगेन की मी सिंहासारखा गर्जलो. खरं म्हणजे दार एकदा बंद झालं, एकदा उघडलं, आणि घासलं नाही. तेवढ्यात दुखायचं राहून गेलं.

मित्रांनो, माझे चाळीस हजार भाऊ कुठे कुठे कचऱ्यात गेले असतील. मी सागाला टेकून उभा आहे. जीवन आठवड्यानं येतो तेव्हा बाहेरून कडी वाजवतो, पाटा पडण्याचा आवाज आता होत नाही. अजून अठ्ठ्याऐंशी रुपये वीस पैसे माझ्या पोटात आहेत आणि ते पाहायला आता मला कोणी मशीनच्या घशात घालत नाही, म्हणून ते तसेच आहेत. तुम्हाला कोणी पैशाबरोबर कागद दिला तर तो मिठाला खाऊ घालू नका. घरातलं काही कमी दिसलं तर आधी कागद पाहा, मग मशीन पाहा, आणि घरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहायची वेळ आलीच तर आधी त्यानं दिलेलं पाणी पिऊन घ्या. एवढं ऐकलंत तर मी आभारी राहीन. आता सरका थोडे, रत्नमाला धान घेऊन येते आहे, तिला दार पूर्ण उघडायला लागतं.